हळदीला जीआय मिळालं, हळदीचे कट्टे उचलणाऱ्यांच्या कागदांना एक कपाट मिळेल का?

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गावातल्या प्रत्येकाच्या मोबाईलवर तीच बातमी फिरत होती. बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचं हळद संशोधन केंद्रही वसमतलाच आलं. दोन्हींचा अभिमान आहेच, त्यात वाद नाही.

पण एक बघा. जीआयचा अर्ज करताना त्या मालाचं त्या मातीशी जुनं नातं आहे, हे कागदांनी दाखवावं लागतं. म्हणजे हळदीचा इतिहास कुणीतरी शोधला, जुळवला, फाईल केली. आता उद्या कुणी विचारलं, की ही हळद काढणाऱ्या बाया, ती शिजवणारे-वाळवणारे गडी, मोंढ्यात बीट संपल्यावर कट्टे पाठीवर घेणारे हमाल, यांचा इतिहास लिहायचाय, कागद कुठं मिळतील? तर आपल्याकडं उत्तर नाही.

हा प्रश्न मी हवेत विचारत नाहीये. आपल्याच तालुक्यातली एक मुलगी मराठवाड्यातले मोंढे आणि हमाल या विषयावर पीएचडी करायला बघतेय. तिला मार्गदर्शकांनी सांगितलं, 'मूळ साधनं दाखव.' ती एका कार्यालयात गेली, तिथं 'जुनं सगळं काढून टाकलं' म्हणून सांगितलं. दुसरीकडं 'तुम्ही कोण, कशाला पाहिजे' इथंच गाडी अडकली. शेवटी ती मला विचारायला आली, कारण मी वाचनालयाचा जुना सभासद. त्यानिमित्तानं मी जे शोधलं, विचारलं, वाचलं ते इथं लिहितोय. पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरातली पोरं एमए, पीएचडी करतात त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आधी चांगली बातमी. कामगारांच्या इतिहासाचे कागद महाराष्ट्रात आणि देशात भरपूर आहेत.

मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेख संचालनालय आहे. १८२१ पासूनचं दप्तरखानं. ओळखपत्र आणि आपल्या कॉलेजचं पत्र घेऊन जायचं, यादीतून फाईल मागवायची. त्याच्या शाखा पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि आपल्या छत्रपती संभाजीनगरलाही आहेत. परळला गिरणी कामगारांच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाशी जोडलेली आंबेकर इन्स्टिट्यूट आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाची सरकारी श्रमविज्ञान संस्थाही परळलाच. जुनी मराठी नियतकालिकं चाळायची तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८ चं. पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटचं ग्रंथालय, जिथं शेती, मजुरी, गिरण्या यांचे जुने सरकारी अहवाल रांगेनं लावलेले आहेत.

दिल्लीत तीन मूर्तीला, म्हणजे आता ज्याला प्रधानमंत्री संग्रहालय व ग्रंथालय म्हणतात तिथं, ना. म. जोशींचे खासगी कागद आहेत आणि १९२० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या आयटकचेही. नोएडात व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्था आहे. तिथं १९९८ पासून भारतीय कामगारांचं डिजिटल अभिलेखागार चालू आहे. श्रम आयोगाचे, संघटनांचे कागद त्यात आहेत. राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ तर वसमतच्या नेट कॅफेत बसूनही बघता येतं.

आता अडचण. या सगळ्या ठिकाणी तुम्ही 'वसमत' शोधा. 'परभणी' शोधा. 'मराठवाडा' शोधा. हाती काय लागतं? फार थोडं.

कारण सोपं आहे, पण आपल्या पोरांना ते कुणी समजावून सांगत नाही. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसनं १९२१ पासून 'लेबर गॅझेट' काढलं. संप किती झाले, मजुरी किती, ज्वारीचा भाव काय, सगळं महिन्याला छापलं. पण कुठलं? मुंबई इलाख्यातलं. १९२९ मध्ये इंग्रज सरकारनं शाही श्रम आयोग नेमला, १९३१ मध्ये त्याचा अहवाल आला. कामगारांवर अभ्यास करणारा प्रत्येक जण त्याच्यापासून सुरुवात करतो. पण त्याचं काम ब्रिटिश हिंदुस्थानापुरतं. आणि आपण? आपण निजामाच्या राज्यात. मोजणारा सरकारी माणूस आपल्या हद्दीपर्यंत येऊन थांबला.

वसमतचा माणूस जागचा हलला नाही, पण त्याचं सरकार बदलत गेलं. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजाम, पुढं १९५६ पर्यंत हैदराबाद राज्य, मग द्विभाषिक मुंबई, १९६० पासून महाराष्ट्र. जिल्हा परभणी होता, १ मे १९९९ ला हिंगोली झाला. प्रत्येक वेळी गाडाभर कागद इकडून तिकडं गेले. काही पोचले, काही वाटेतच राहिले. त्यामुळं एका हमालाच्या आज्यापासून नातवापर्यंतची गोष्ट लिहायची तर हैदराबाद, मुंबई, परभणी आणि हिंगोली अशी चार गावं फिरावी लागतात.

म्हणून पहिली गोष्ट मी त्या मुलीला सांगितली: मुंबईच्या आधी हैदराबादला जा. तारनाक्याला, उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारी, तेलंगणाचं राज्य अभिलेखागार आहे. निजामाच्या राज्याचं मुख्य दप्तर तिथं. पूर्ण्याहून सिकंदराबादला थेट गाड्या आहेत, मुंबईपेक्षा सोपं पडतं. पण दोन गोष्टींची तयारी करून जायचं. एक, भाषा. हैदराबाद संस्थानात १८८४ च्या सुमारास फारसी जाऊन उर्दू कारभाराची भाषा झाली, त्यामुळं बहुतेक कागद उर्दूत, त्याच्या आधीचे फारसीत. दोन, साल. कागदावर फसली साल असतं. त्यात ५९० मिळवले की ढोबळमानानं इसवी सन येतो. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. हे माहीत नसलं तर हातात कागद असूनही काही कळत नाही.

उर्दूचं नाव काढलं की आपली पोरं घाबरतात. पण आपल्या गावात उर्दू शाळेतले निवृत्त गुरुजी आहेत, घरात जुने दस्तऐवज वाचणारी वडीलधारी मंडळी आहेत. मोडी वाचणारेही दोन-चार सापडतील. त्यांना कुणी कधी विचारलंय का, की चाचा, एवढा कागद वाचून द्या म्हणून?

आणि 'एवढे जुने कागद कोण शोधतं' असं म्हणणाऱ्यांना एक आठवण करून देतो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तहसील, भूमी अभिलेख, जुन्या शाळांचे दाखले, सगळं उघडलं. मोडी आणि उर्दू वाचणारे शोधून आणले. समिती हैदराबादलाही गेली. आरक्षणाची चर्चा मला या पोस्टमध्ये करायची नाही, कमेंटमध्येही कृपया करू नका. माझा मुद्दा एवढाच, की ठरवलं तर कागद सापडतात. ज्या खोल्यांची कुलपं कधी उघडली नव्हती ती उघडतात. कारण त्या कागदावर माणसाचा हक्क ठरणार होता. मग कष्टकऱ्याच्या कागदावर हक्क ठरत नाही का?

आता दुसरी अडचण, जी पहिलीपेक्षा मोठी आहे. समजा सगळी अभिलेखागारं आपल्याला उघडी झाली. तरी तिथं 'कामगार' म्हणजे गिरणी, रेल्वे, गोदी, खाण. आपल्याकडं गिरणी म्हणजे नांदेडची उस्मानशाही. रेल्वे म्हणजे पूर्णा जंक्शन. बाकी मराठवाड्यातला कष्टकरी कुठं होता? तो सालगडी होता, पाडव्याला साल ठरायचं, तोंडी नाहीतर एका चिठ्ठीवर. तो ऊसतोडीच्या टोळीत होता, मुकादमाकडून उचल घेऊन कोयत्यावर जायचा. तो मोंढ्यात हमाल होता. ती हळदीच्या वावरात रोजानं जायची. यांची ना हजेरी बुकात, ना नाव संघटनेच्या रजिस्टरला.

तरी एकदा मराठवाड्यातल्या जवळजवळ प्रत्येक गरिबाचं नाव सरकारी कागदावर आलं. १९७२ चा दुष्काळ. मे १९७३ मध्ये राज्यभरात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. खडी फोडणं, बंडिंग, पाझर तलाव, रस्ते. प्रत्येक कामावर हजेरीपत्रक. नाव, गाव, दिवस, मजुरी, अंगठा. त्यातूनच पुढं रोजगार हमी उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि सगळ्या देशानं नंतर त्याचा कित्ता गिरवला. विचार करा, केवढा मोठा दस्तऐवज. गिरणगावाच्या इतिहासाला जे लेबर गॅझेट, ते मराठवाड्याच्या इतिहासाला ही हजेरीपत्रकं. ती आज कुठं आहेत? सरकारी कागदांची वर्गवारी असते: अ वर्गाचे कायम ठेवायचे, ड वर्गाचे वर्षभरात काढायचे, मधल्यांना ठरावीक मुदत. हजेरीपत्रक कायम जपण्याची गोष्ट आहे असं कोणत्या बांधकाम उपविभागाला वाटलं असेल?

तसंच पूर्णा प्रकल्पाचं. येलदरी आणि सिद्धेश्वर धरणं साठच्या दशकात झाली, कालव्याचं पाणी आपल्या तालुक्यात आलं. त्या पाण्यावर ऊस आला, पूर्णा कारखाना चालला, हळद वाढली. आज आपण जे काही आहोत ते त्या पाण्यावर. पण कालवा खोदला कुणी? वडार वस्त्या कुठून आल्या, किती दिवस राहिल्या, किती माणसं दगडाखाली गेली? पाण्याचे, सिमेंटचे, खर्चाचे आकडे मिळतील. खोदणाऱ्याचं नाव मिळणार नाही.

हमालांचं त्यातल्या त्यात बरं. पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत, मुंबईत अण्णासाहेब पाटलांची माथाडी चळवळ, आणि त्यातून आलेला १९६९ चा माथाडी कायदा. त्या कायद्यानं हमालाची नोंद सुरू झाली, मजुरी आणि लेव्ही मंडळात भरायची, तिथून पगार, भविष्यनिधी, ग्रॅच्युइटी. जिथं नोंद झाली तिथं कागद झाला. पण ही नोंद मराठवाड्याच्या मोंढ्यांत कधी पोचली, कुणी मागणी केली, कोणत्या आडत्यानं विरोध केला, क्विंटलाचं पोतं पन्नास किलोवर कसं आलं, त्यासाठी किती दिवस मोंढा बंद राहिला? हे सगळं आज ज्यांना माहीत आहे ती माणसं सत्तरी-ऐंशीची आहेत. दर वर्षी त्यातली दोन-चार जातात.

यात घाई का करायची, तेही सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. २९ जुने केंद्रीय कायदे त्यांत गेले. १९२६ चा ट्रेड युनियन कायदाही गेला. त्या कायद्याखाली प्रत्येक नोंदणीकृत संघटनेला दर वर्षी सभासद किती, जमाखर्च किती, पदाधिकारी कोण, याचं विवरणपत्र निबंधकाकडं द्यावं लागायचं. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांचा हिशेब. संहिता चांगल्या की वाईट यावर भांडू नंतर. पण आपल्या कचेऱ्यांची रीत माहीत आहे ना? कायदा जुना झाला की त्याची रजिस्टरं आधी माळ्यावर जातात, मग रद्दीत. राज्यात २००५ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे, त्यामुळं महत्त्वाचे कागद असे मनाला येईल तसे नष्ट करता येत नाहीत. पण ते नष्ट होताना 'थांबा' म्हणणारा कुणीतरी लागतो.

मग करायचं काय? 'सरकारनं हिंगोलीत कामगार अभिलेखागार उभारावं' अशी मागणी करून मी मोकळा होऊ शकतो. दोनशे लाईक पडतील. इमारतीचं भूमिपूजन होईल, फलक लागेल, आत कागद नसेल. त्यापेक्षा छोटं सांगतो.

इंग्लंडात मँचेस्टरला लागून सॅलफर्ड म्हणून गाव आहे. एडी फ्रो हा कारखान्यातला कामगार आणि रूथ फ्रो ही शिक्षिका, असं जोडपं. १९५० च्या दशकापासून दोघांनी कामगार चळवळीची पुस्तकं, पत्रकं, संपाची भित्तिपत्रकं, संघटनांची पावतीपुस्तकं जमवायला सुरुवात केली. घर भरलं. जिन्यापासून झोपायच्या खोलीपर्यंत कागद. शेवटी १९८७ मध्ये सॅलफर्डच्या नगरपालिकेनं त्यांना इमारत दिली. आज ते जगभरातले अभ्यासक जिथं येतात असं कामगार चळवळीचं ग्रंथालय आहे. आधी कागद जमले, इमारत नंतर आली. आपण नेहमी उलटं करतो.

आपल्याकडंही उदाहरण आहे. मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या, १९८२ चा संप हरला, कामगार पांगला, तेव्हा मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांना बोलतं केलं आणि त्या मुलाखतींचं पुस्तक केलं. मराठीत ते 'कथा मुंबईच्या गिरणगावाची' म्हणून आलं. आणि ज्या लोखंडेंमुळं १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, त्यांचं चरित्र मनोहर कदमांनी जुने कागद धुंडाळून लिहिलं. दोन्ही कामं कुणीतरी पायपीट केली म्हणून झाली.

माझं म्हणणं एवढंच आहे. वसमतच्या सार्वजनिक वाचनालयात एक लोखंडी कपाट. नाव काहीही द्या, 'कष्टकरी दप्तर' म्हणा. त्यात तीन खण.

पहिल्या खणात छापील साधनं, जी आजही मिळतात. परभणी जिल्ह्याचं १९६७ चं गॅझेटिअर. परभणीच्या जुन्या जनगणना हस्तपुस्तिका, ज्यात गावागणिक शेतमजूर किती याचे आकडे आहेत. १९५१ चा हैदराबाद राज्याचा जनगणना अहवाल. केशव अय्यंगार यांनी १९२९-३० मध्ये केलेल्या हैदराबाद संस्थानाच्या आर्थिक पाहणीचे खंड. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचा दहावा खंड, व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं त्यांच्याकडं होतं त्या काळातला. यातलं बरंचसं नेटवरून उतरवून, छापून, बाइंडिंग करून ठेवता येतं. खर्च एका वाढदिवसाच्या बॅनरपेक्षा फार नाही.

दुसऱ्या खणात घरोघरचे कागद. माथाडीचं ओळखपत्र, हमालीच्या पावत्या, उचलीचे करार, रोजगार हमीची कार्डं, कारखान्याच्या संपातली पत्रकं, मोर्चाचे फोटो, रेल्वेतल्या आजोबांचं सर्व्हिस बुक. मूळ कागद कुणाचाही घ्यायचा नाही. स्कॅन करायचा, परत द्यायचा, कुणाचा आहे ते लिहून ठेवायचं. उचलीच्या कागदावर लोकांची कर्जं असतात, अंगठे असतात. घरच्यांच्या परवानगीशिवाय तो कुणाला दाखवायचा नाही. हा नियम पहिल्या दिवसापासून पाळायचा, नाहीतर लोक विश्वास ठेवणार नाहीत आणि ठेवूही नये.

तिसऱ्या खणात आवाज. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. मोंढ्यातला जुना मुकादम, दुष्काळी कामावर सुकडी खाल्लेली आजी, कोयत्यावर दहा हंगाम काढलेलं जोडपं. तासभर बोलतं करायचं. नाव, वय, गाव, तारीख लिहायची. कॉलेजच्या एनएसएसच्या पोरांना हे काम द्या, झाडं लावून फोटो काढण्यापेक्षा जास्त शिकतील.

काही जण म्हणतील, हे कोण वाचणार? पहिलं उत्तर, ती मुलगी वाचणार. तिच्या मागून येणारे वाचणार. दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं. हे कागद नुसते इतिहासाचे नाहीत. किती जणांचा भविष्यनिधी 'पुरावा आणा' म्हणून अडकतो, किती विधवांना नवरा वीस वर्षं हमाल होता हे सिद्ध करता येत नाही, हे मोंढ्यात जाऊन विचारा. ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ झालं, पण आधी मी ऊसतोड कामगार आहे हे दाखवायला कागद लागतो. कागद नसलेल्या माणसाला इतिहासही नाही आणि पेन्शनही नाही.

विद्यापीठाकडूनही एक मागणं आहे. नांदेडचं विद्यापीठ स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं. मराठवाड्यात शिक्षक म्हणून येण्याआधी स्वामीजी ना. म. जोशींचे सचिव होते, कामगार चळवळीत त्यांनी काम केलं होतं. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा पुढारी कामगारांच्या कामातून घडला, ही गोष्ट आपण १७ सप्टेंबरच्या भाषणात सांगत नाही. त्यांच्या नावाच्या विद्यापीठानं चार जिल्ह्यांतल्या मोंढ्यांचे, कारखान्यांचे, रोहयोच्या कामांचे कागद कुठं कुठं शिल्लक आहेत, याची नुसती यादी जरी केली तरी पुढच्या पिढीचं अर्धं काम होईल. नांदेड-लातूर-परभणी-हिंगोलीतल्या प्रत्येक कॉलेजचा इतिहास विभाग आपापला तालुका वाटून घेऊ शकतो.

बाजार समितीला, नगरपालिकेला आणि वाचनालयाच्या कार्यकारिणीला मी लेखी अर्ज देणार आहे, पाच-दहा सह्या सोबत लागतील. कोण येतंय ते सांगा. आणि ही पोस्ट वाचणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली निघते. वडिलांचं हमालीचं कार्ड, आजीचं रोहयोचं कार्ड, मुकादमाच्या वहीची चार पानं, असं काही निघालं तर रद्दीवाल्याला देऊ नका. रद्दीचा भाव किलोला किती आहे ते सगळ्यांना माहीत आहे. फोटो काढा, मागं नाव आणि गाव लिहा, पेटीत परत ठेवा आणि मला एक मेसेज करा. कपाट मिळेपर्यंत यादी माझ्या वहीत करतो.